चोडणचे बांध आणि पाहुण्याचा धर्म

नोव्हेंबर महिना सरत आला की बेळगाव, खानापूर, सावंतवाडी या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांत लगबग सुरू होते. २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनेस प्रारंभ होतो आणि ३ डिसेंबरला सण साजरा होतो. कोणी मोटारीने जातात, कोणी एस. टी.ने, तर कित्येक भाविक आजही घाट उतरून पायी जातात. बाँ जेझूच्या चर्चमध्ये गुडघे टेकावे, संताच्या पेटिकेस दुरून वंदन करावे, मुलांसाठी जत्रेतून खाजे विकत घ्यावे आणि दुपारचे जेवण आटोपून समुद्रकिनारा गाठावा, हा बहुतेकांचा क्रम. किनाऱ्यावर दोन तास काढले की गोवा पाहिल्याचे समाधान मानून मंडळी परत फिरतात.

परंतु त्या चर्चमधून निघून व्हाइसरॉयच्या कमानीखालून थोडे चालत गेले, की मांडवीचा धक्का लागतो. समोर हिरवेगार दिवाडी बेट दिसते. आणि त्याच्या पश्चिमेस, रायबंदरच्या समोर, चोडण हे दुसरे बेट आहे. गेल्या डिसेंबरात सण आटोपल्यावर आम्ही चार कुटुंबांनी किनाऱ्याचा बेत बाजूस ठेवला आणि एक दिवस चोडणला दिला. तेथे जे पाहिले व ऐकले, ते आमच्या वाचक-कुटुंबांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या नदीविषयी दोन शब्द. मांडवी आपणांस परकी नव्हे. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात ती उगम पावते; तेथे तिला म्हादई म्हणतात. सह्याद्री उतरून ती गोव्याच्या सत्तरी तालुक्यात येते, पुढे मांडवी हे नाव धारण करिते आणि पणजीजवळ समुद्रास मिळते. हा सारा प्रवास सुमारे ८० किलोमीटरांचा. भीमगडच्या रानात पडलेला पाऊस चोडणच्या बांधांना स्पर्श करूनच समुद्रात जातो. या नदीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद झाला, २०१० साली लवाद नेमला गेला आणि २०१८ साली त्याचा निवाडा आला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. उगमाकडील माणसाच्या करणीचे फळ मुखाकडील माणसास भोगावे लागते, एवढी गोष्ट मात्र ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

रायबंदरला पोहोचताच पणजीकडे गेलेला लांबलचक दगडी सेतू दिसतो. तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा सेतू १६३३-३४ साली पाणथळ भूमीवर बांधला गेला आणि आजही त्यावरून वाहने जातात. त्याच्या अलीकडेच चोडणची फेरीबोट लागते. सायकली, मोटारी, मासळीच्या टोपल्या, शाळेतून परतणारी मुले, बाजार करून आलेल्या बाया, असा सारा गाव तीत एकत्र उभा राहतो. काही मिनिटांत बोट पलीकडे लागते आणि शहराचा गलबला मागे पडतो.

बेटाच्या पश्चिम टोकास, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पक्षिशास्त्रात ज्यांनी आपल्या देशाचे नाव केले, त्या डॉ. सलीम अली यांचे १९८७ साली निधन झाले. दुसऱ्याच वर्षी हे अभयारण्य स्थापन झाले आणि त्यास त्यांचे नाव देण्यात आले. त्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या लहान गावच्या शिवाराएवढे. आत पायवाट आहे. परंतु खरे दर्शन घडते ते होडीतून, आणि तेही भरतीचे पाणी ओहळांत शिरलेले असताना. रीतसर परवानगी काढून आम्ही दोन होड्या ठरविल्या. आमच्या होडीवर गावातीलच एक वयोवृद्ध काका होते. वल्हे मारता मारता ते थोडेच बोलत, पण बोलत ते नेमके.

कांदळवनात शिरताच उजेड पालटला. दोहों बाजूंस तिवर व कांदळ यांची दाट झाडी होती. कांदळाची मुळे कमानींसारखी पाण्यात उतरलेली, तर तिवराची श्वासमुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली. ज्या चिखलात हवा शिरत नाही तेथे झाडाने श्वास घ्यावयाचा कसा, याची ही सोय निर्मात्याने करून ठेविली आहे. काठच्या गाळावर निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असून चिखलावर चालणारा हा जीव पाहून मुलांस मोठी गंमत वाटली. इवले खेकडे आपली एकच मोठी नांगी हालवून कोणास तरी बोलावीत असल्यासारखे दिसत. खंड्या, पाणकावळे, पांढरे बगळे, हिवाळ्यासाठी दूरदेशीहून आलेले तुतारी पक्षी आणि सर्वांच्या वर संथपणे घिरट्या घालणारी तांबूस ब्राह्मणी घार, असा परिवार तेथे होता. कोणी कोणास गप्प बसण्यास सांगितले नाही, तरी होडीतील मुले आपोआप हळू बोलू लागली.

ओहळातून बाहेर पडून आम्ही मोठ्या पात्राच्या कडेने जात होतो, इतक्यात पणजीच्या बाजूने एक यंत्राची नौका आली. तिच्यावर मोठमोठ्याने गाणी वाजत होती आणि माणसे हात हालवीत होती. काठचे बगळे एकदम उडाले. नौका निघून गेली. तिची लाट मात्र मागून आली आणि काठच्या मातीच्या बांधावर आपटली. हाताएवढे एक ढेकूळ सुटून पाण्यात पडले. आम्ही बगळ्यांविषयी हळहळलो, तेव्हा काका म्हणाले, “बगळे परत येतले. ही माती परत येवपाची ना.”

तोपर्यंत आम्ही त्या बांधाकडे पाहिलेही नव्हते. काकांनी होडी त्याच्या कडेस लावली आणि आम्हांस वर चढविले. बांधाच्या एका अंगास नदीचे खारे पाणी, दुसऱ्या अंगास कापणी झालेली भातखाचरे. आणि चमत्कार असा की, खाचरांची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली होती. आम्ही उभे होतो ती चार-पाच पावलांची मातीची भिंत नसती, तर शेत, विहीर आणि पलीकडची घरे यांचे काय झाले असते, हे कोणी सांगावयास नको होते.

अशा जमिनीस गोव्यात खाजन म्हणतात. रायगड-रत्नागिरीकडे तीस खारजमीन हे नाव आहे. गोव्यातील जुना शेतकरी आपल्या जमिनीचे तीन प्रकार मानितो: डोंगरउताराची ती मोरड, मधली गोड्या पाण्याची ती केर, आणि खाडीकाठची सखल ती खाजन. संपूर्ण गोव्यात खाजनाचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे जाणकार सांगतात. ही सर्व भूमी मुळात भरतीच्या पाण्याखाली जाणारी. माणसाने अनेक शतके खपून ती नदीपासून मागून घेतली आहे. चिखल, पेंढा, फांद्या आणि जांभा दगड, एवढ्याच साहित्याचे हे बांध. बाहेरच्या अंगास कांदळाची झाडे राखावयाची, म्हणजे लाटेचा जोर त्यांवर मोडतो. खेकडे बांधात बिळे करितात. ती वेळेवर बुजविली नाहीत, तर एका अमावास्येच्या उधाणात बोटभर भोकाचे भगदाड होते. म्हणून बांध एकदा बांधून मोकळे होता येत नाही. तो दरवर्षी, किंबहुना दर भरतीस, सांभाळावा लागतो.

बांधात ठिकठिकाणी जी लाकडी दारे बसविलेली असतात, त्यांस मानस म्हणतात; खारजमिनीच्या मुलखात यांनाच उघाडी असे नाव आहे. त्यांची करामत पाहण्याजोगी आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागून बाहेरचे पाणी उतरले की आतील पाणी त्यांना ढकलून बाहेर वाहते. तेथे यंत्र नाही, वीज नाही. चंद्र जे पाणी चढवितो व उतरवितो, त्याच्याच बळावर हे दार चालते. दाराच्या आतील बाजूस खोलगट पाणी साचते, त्यास पोंय म्हणतात; तीत मासळी व कोळंबी वाढते. ओहोटीच्या वेळी दाराच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावितात आणि आतून बाहेर जाणारी मासळी त्यात सापडते. पावसाळ्यात मुसळधार पाऊस मातीतील खार धुऊन नेतो, मग कोरगूट, आसगो असे खाऱ्या मातीस न भिणारे भाताचे वाण पेरले जातात. कित्येक ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरेही पिकतात. भात, मासळी आणि मीठ या तिन्ही वस्तू एकाच बांधाच्या आश्रयाने घरात येतात.

आता या रचनेतील खरी मेख पाहा. दार एक आहे, पण त्याच्याशी गुंतलेले हित दोन प्रकारचे आहे. ज्याने मासळीचा मक्ता घेतला, त्यास वाटते की खारे पाणी अधिक आत यावे. पाणी जितके अधिक, तितकी मासळी अधिक. ज्याचे भात उभे आहे, त्यास वाटते की पाणी दाराबाहेरच राहावे. दोघेही आपापल्या परीने खरे. दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा विचार सोडला, की दार बांधातच राहूनही शेत बुडते. म्हणून जुन्या काळी पाणी किती घ्यावयाचे, केव्हा घ्यावयाचे आणि दार कोणी उघडावयाचे, हे कोणा एकट्याच्या मर्जीवर नसे. गावकरी या नावाने ओळखली जाणारी ग्रामसंस्था ते ठरवी. जमीन गावाची सामाईक. ती कसावयास मिळे. मानशीचा लिलाव होई. आणि येणाऱ्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई. पोर्तुगीज अमलात १५२६ साली या गावांच्या रूढी लेखनिविष्ट करण्यात आल्या आणि पुढे याच संस्थांस कोमुनिदाद हे नाव पडले. म्हणजे त्या रूढी त्याहूनही जुन्या होत.

गोवा मुक्त झाल्यानंतर १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनी कसणाऱ्या हातांस हक्क मिळाले. तो न्याय होता आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु हक्कांबरोबर बांधांचा भार ज्या कुळांच्या संघांवर आला, ते सगळीकडे सारखे बळकट राहिले नाहीत. तरुण मंडळी नोकरीस गेली, मजूर मिळेनासे झाले, भातापेक्षा मासळीचा पैसा मोठा झाला. कोठे बांध दुर्लक्षाने फुटले, तर कोठे मासळीच्या लोभाने मुद्दाम फोडले गेले. लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेस अनेक दशके याच नदीतून गेल्या. त्यांच्या लाटांनी बांध खचल्याची गावकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. आता तिच्यात करमणुकीच्या नौकांची भर पडली आहे.

परतताना काकांनी आम्हांस आणखी एक जागा दाखविली. कांदळाची कोवळी झाडी पाण्यात गच्च उभी होती आणि तिच्यावर बगळे बसलेले होते. आमच्यातील एकाने लगेच छायाचित्र घेतले; दृश्य खरोखरच सुंदर होते. काकांनी विचारले, आपण काय पाहिले ते कळले काय? ते कोणाचे तरी भातशेत होते. बांध फुटला, खारे पाणी आत आले, दोन-चार पावसाळे कोणी लक्ष दिले नाही, आणि वाहून आलेल्या बियांनी तेथे मूळ धरिले. आता ती झाडे कायद्याने संरक्षित असल्यामुळे शेतकऱ्यास ती तोडिता येत नाहीत, आणि शेतही परत मिळत नाही. बांधाबाहेर जे झाड गावाचा रखवालदार असते, तेच बांधाच्या आत गावाच्या पराभवाची खूण होते. बाहेरून आलेल्या पाहुण्यास दोहोंतील भेद दिसत नाही. त्यास दोन्हींकडे निसर्गच दिसतो.

या प्रसंगाने आम्ही विचारात पडलो. निसर्गप्रेम हा आजच्या काळी परवलीचा शब्द झाला आहे. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जगापुढे असा विचार मांडिला की, आजच्या गरजा अशा रीतीने भागवाव्या की पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागविता येणे अशक्य होऊ नये. त्यालाच आपण शाश्वत विकास म्हणतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष निसर्ग-पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळिले. निसर्ग राखावा आणि स्थानिक लोकांचे कल्याण व्हावे, हे दोन्ही हेतू त्या पर्यटनात गृहीत धरलेले आहेत. व्याख्या उत्तम आहे. पण चोडणच्या बांधावर उभे राहिले की कळते, ती पाळावयाची तर पाहुण्यास निसर्गाबरोबर तो राखणारा माणूसही दिसला पाहिजे.

नीतिशास्त्र या ठिकाणी आपणांस काय सांगते? संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात असे प्रतिपादिले की, माणसाने वस्तूंची व्यवस्था आपली म्हणून पाहावी, परंतु उपयोगाच्या बाबतीत त्या सर्वांच्या मानाव्या आणि गरजवंतास त्यांत सहज वाटा द्यावा. खाजनातील शेतकरी आपले खाचर स्वतः कसतो, पण बांध सर्वांचा मानितो. अक्विनासांचा विचार त्याने ग्रंथातून नव्हे, चिखलातून शिकलेला आहे. विसाव्या शतकात हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, माणसाचे सामर्थ्य जसे वाढते तसा त्याच्या जबाबदारीचा पल्लाही वाढतो. जे अद्याप जन्मलेले नाहीत, तेही आपल्या करणीच्या कक्षेत येतात. पूर्वी वल्ह्याची होडी बांधास धक्का देऊ शकत नव्हती. आजचे यंत्र देऊ शकते, म्हणून यंत्र चालविणाऱ्याचे कर्तव्यही वल्हेकऱ्याहून मोठे. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीस आपले सामाईक घर म्हटले आणि धरतीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयाचा असतो, असे सर्वांस कळविले. फुटलेल्या बांधाजवळ हे दोन आक्रोश वेगळे करिता येत नाहीत.

मासळी आणि भात यांच्यातील तो जुना प्रश्न आता पर्यटनाच्या रूपाने तिसऱ्यांदा दाराशी उभा आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ साली गोव्यास भेट देणाऱ्यांची संख्या एक कोटीहून अधिक झाली. आणि २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची स्वतःची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख आहे. पाहुण्यांच्या येण्याने घरोघरी चूल पेटते, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या काकांचे घरही काही अंशी होडीवरच चालते. परंतु मानशीतून पाणी किती घ्यावे यास जशी मर्यादा, तशीच पाहुणे किती घ्यावे, कोठे घ्यावे आणि कोणत्या वेळी घ्यावे, यांसही मर्यादा असली पाहिजे. आणि ती ठरविताना बांध सांभाळणाऱ्यांचा शब्द ऐकला गेला पाहिजे. ज्या भूमीवर भात पिकते तेथे भराव घालून पाहुण्यांसाठी विश्रामस्थाने उभारली, तर पाण्याची वाट अडते; आणि अडलेले पाणी आपली वाट शेजाऱ्याच्या खाचरातून शोधते.

हे जमू शकते, याचे उदाहरण दूर जाऊन शोधावयास नको. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालितात. पूर्वी ती अंडी चोरीस जात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने अंडी राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास लोक येतात, ते गावातील घरांतच उतरतात आणि घरचेच जेवण जेवितात. पिल्लांना सोडण्याची वेळ व उभे राहण्याची रेषा गावकरी ठरवितात. पाहुणे ती पाळितात. कासव जगले तर पाहुणा येतो, हे गावास कळले आणि गाव राखले तरच कासव दिसते, हे पाहुण्यास कळले.

चोडणला दुपारी आम्ही एका घरी जेवलो. उकड्या तांदळाचा भात, मासळीची कढी, तोंडी लावण्यास सुकी कोळंबी आणि आमसुलाचे सार. घरच्या मावशींनी सांगितले की, तांदूळ त्यांच्याच खाजनातील आहे आणि कोळंबी मानशीवरची. जेवणाचे पैसे देताना आमच्या मनात आले की, या पैशांतील काही भाग निश्चितच बांधावरील मजुराच्या हाती पडेल. तेच पैसे आम्ही दूरच्या एखाद्या मोठ्या उपाहारगृहात दिले असते, तर या बेटाच्या वाट्यास केवळ आमच्या प्रवासाचा कचरा आला असता.

मावशींनीच आम्हांस कणसाच्या फेस्ताविषयी सांगितले. गोव्यातील अनेक धर्मग्रामांत ऑगस्ट महिन्यात नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये आणितात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. सासष्टीतील राय गावी ते ५ ऑगस्टलाच होते. हिंदू शेजाऱ्यांच्या रीतीही याच भूमीतून निघालेल्या आहेत. मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत; त्या बाजूस दुर्भाट परिसरात पौष महिन्याच्या अमावास्येस शेतकरी चिखलाची मगर घडवितात, तिच्या अंगावर शिंपल्यांचे खवले बसवितात आणि आपल्या खाजनाचे रक्षण व्हावे म्हणून तिची पूजा करितात. त्यास मानगे थापणी म्हणतात. आपली श्रद्धा निराळी; पण बांध राहावा, ही दोघांचीही प्रार्थना एकच आहे, आणि उधाणाचे पाणी आत येते तेव्हा ते कोणाचे शेत कोणत्या धर्माचे, हे विचारीत नाही.

वाचकहो, पुढील डिसेंबरात आपण जुन्या गोव्यास जाल, तेव्हा जमल्यास एक दिवस अशा एखाद्या गावास द्या. जाताना काही साध्या गोष्टी मनाशी ठरवून जा. यंत्राच्या नौकेऐवजी वल्ह्याची होडी घ्या आणि होडीवाला त्याच गावचा असू द्या. पाणी घरूनच बाटलीत भरून न्या आणि कागद, पिशव्या सोबत परत आणा. बांधावरून चालावयाचे झाल्यास आधी कोणास तरी विचारा. पावसाळ्यात ओला बांध पायांनी खचतो. मानशीच्या दारास मुलांना हात लावू देऊ नका. छायाचित्र घेण्यापूर्वी माणसाची परवानगी मागा. मग ती बाई मासळी निवडीत असो वा चर्चमध्ये प्रार्थना करीत असो. गावात पिकते ते तेथेच विकत घ्या आणि घासाघीस करण्याआधी ते पिकविण्यास काय लागते ते विचारा. मुलांना पक्ष्यांची नावे शिकवा, त्याबरोबर बांध, मानस, पोंय हे शब्दही शिकवा.

एक गोष्ट आणखी. आपण नेहमी पाहुणेच असतो असे नव्हे. भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य झाले. चोर्ला घाटातील धबधबे पाहण्यास पावसाळ्यात शहरांतून गाड्यांच्या रांगा येतात. आपल्या खेड्यांच्या वाटांवरूनच त्या जातात. उद्या कोणी आपल्याच शेतातून वाट पाडील, आपल्या ओढ्यात बाटल्या टाकील, चर्चच्या आवारात गाणी लावील, आणि जाताना गाव फार सुंदर असल्याचे सांगून जाईल. त्या वेळी आपणांस काय वाटेल, हे आधीच जाणून घेण्याची संधी परक्या गावात मिळते. दुसऱ्यांनी आपल्याशी जसे वागावे असे आपणांस वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणीच धर्मशिक्षणात पाठ केलेली आहे. चोडणच्या बांधावर, खानापूरच्या रानात किंवा घाटातील एखाद्या वस्तीवर ती आचरणात आणणे, एवढेच आपल्याकडे राहिले आहे. येत्या रविवारी घरातील थोरांनी मुलांना जवळ घ्यावे, आपल्या गावचा ओढा कोठून येतो आणि कोठे जातो हे त्यांना सांगावे, आणि जमल्यास त्यांच्यासह त्याच्या काठाने थोडे चालून यावे.